आजीचं सिंगर, आईचं उषा आणि न मिळणारं शटल

रीळ | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

शनिवार पेठेतला आमचा वाडा अखेर पाडायला दिला. गेला महिनाभर सामान उपसतोय. माळ्यावरून आजीचं शिवणाचं हातमशीन खाली आलं आणि माजघरातून आईचं पायमशीन बाहेर काढलं. नव्या जागेत दोन्ही ठेवायची असं मी घरच्यांना सांगून टाकलंय, जागा कुठून काढायची ते नंतर बघू.

आजीचं सिंगर आहे. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, लाकडी घुमटाकार झाकणाचं. नंबर इंग्रजी 'वाय' (Y) अक्षराने सुरू होतो. खालचं शटल, म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंतवणारा तुकडा, होडीसारखं लांबुळकं आहे, त्यात खालच्या दोऱ्याची बारीक नळीसारखी बॉबिन बसते. चाक फिरवलं तर जडपणे का होईना, फिरतं.

आईचं उषा. १९६६ मध्ये भिशी लागली तेव्हा घेतलेलं. बाबांचा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला असं आई अजून सांगते. आमची झबली-टोपडी, शाळेचे युनिफॉर्म, परकर-पोलकी, वाड्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज, सगळं त्यावर झालं. हे मशीन कधी बंद पडलं नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र टाके सुटायला लागले. कारागीर म्हणाला, शटल झिजलंय, बदला. बदललं. पहिलं नवं शटल खडखड करायचं. दुसऱ्यात दोरा अडकून तुटायचा. तिसरं छान चाललं आणि सहा महिन्यांत पुन्हा टाके सुटायला लागले.

म्हणजे जुना तुकडा जवळजवळ साठ वर्षं चालला आणि नवा सहा महिने. तिन्ही दिसायला जुन्यापेक्षा चकचकीत होते. हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. एवढासा लोखंडाचा तुकडा. तो आता आपल्याला नीट करता येत नाही का? की कोणी करत नाही?

चांगलं शटल कुठे मिळेल हे तर सांगाच. पण ज्यांना कारखान्यातलं कळतं त्यांनी या दुसऱ्या प्रश्नावरही लिहा.

---

काजंबटण | १४ जून, रात्री १०:२५

रीळताई, शटलला दोष देण्याआधी आधी सुई बदला. मी हडपसरला तीस वर्षांहून जास्त ब्लाउज शिवतेय. दहातल्या सात वेळा टाके सुटतात ते बोथट किंवा वाकलेल्या सुईमुळे. वाकलेली सुई डोळ्यांना दिसत नाही, काचेवर आडवी ठेवून बघा. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाका पडतच नाही.

मग वरची पट्टी काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कचरा काढा. आईंच्या मशीनमध्ये तिथे नमदा झाला असेल, नक्की. बॉबिनची डबी दोऱ्याला लटकवून बघा. ती आपोआप घसरत खाली गेली तर ताण कमी, हिसका देऊनही हलली नाही तर जास्त. हिसक्याला थोडी उतरून थांबली पाहिजे.

आजींच्या मशीनचा जडपणा म्हणजे जुनं तेल चिकटून वाळलंय. रॉकेल मिळालं तर भोकाभोकातून दोन-दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, हळूहळू फिरवा, जोर लावू नका. मोकळं झालं की पुसून मशीनचंच तेल द्या. खोबरेल तेल चुकूनही नको. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या मशिनींचं मरण खोबरेल तेलाने झालेलं असतं. आणि वेलबुट्टीवर रॉकेल सांडू देऊ नका, सोनं निघून येईल.

हे सगळं करून टाके सुटलेच तर मग शटल.

---

रीळ | १४ जून, रात्री ११:०५

सगळं केलंय हो, सुईसुद्धा दोनदा बदलली. पण काचेवरची युक्ती आजच कळली. नमदा निघाला, मुठीएवढा! त्यात १९८० च्या आसपासच्या माझ्या हिरव्या परकराचे धागे मी ओळखले.

---

मायक्रोमीटर | १५ जून, सकाळी ६:५०

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, औंध आयटीआयमधून शिकून. आता निवृत्त. घरी पत्नीचं मशीन मीच बघतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

आधी शटल काय करतं ते बघा. सुई कापडातून खाली जाते, सगळ्यात खालच्या जागेवरून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा मागच्या बाजूला छोटा फुगा तयार होतो. बरोबर त्या क्षणी शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वरून त्या फुग्यात शिरलं पाहिजे. टोक आणि सुई यांच्यात अंतर किती, तर साधारण ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. जास्त झालं की टोक फुगा चुकवतं, टाका सुटतो. शून्य झालं की सुईला घासतं. मग शटल तो फुगा उचलून अख्ख्या बॉबिनच्या डबीवरून पलीकडे नेतं आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंतवून सोडून देतं. दोऱ्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी कितीतरी वेळा नेढ्यातून मागे-पुढे जातो आणि शटलच्या अंगावरून घसरतो. तिथे एक बारीकसा ओरखडा असला तरी दोरा पिंजतो. तुमचं दुसरं शटल दोरा तोडत होतं, ते त्यामुळेच.

आता हा तुकडा करायचा कसा? कमी कार्बनचं पोलाद घ्यायचं. आकार द्यायचा. मग भट्टीत त्याच्या कातडीला कार्बन पाजून ते पाण्यात किंवा तेलात विझवायचं, म्हणजे वरचा थर कडक होतो आणि गाभा चिवट राहतो. सगळंच कडक केलं तर टोक मोडेल, सगळंच मऊ ठेवलं तर झिजेल. भट्टीत तुकडा थोडा वाकडातिकडा होतो, म्हणून नंतर मापात घासायचा. शेवटी पॉलिश, आणि तेही आतल्या कडांना, जिथे हात पोचत नाही तिथे. यातली कुठलीही पायरी अवघड नाही. पुणे परिसरात भोसरी-चिंचवडला हे रोज करणारी शेकडो माणसं आहेत, गिअर आणि पिनांसाठी करतात. पण प्रत्येक पायरीला वेळ लागतो. भट्टीतला वेळ निम्मा केला की कडक थर पातळ होतो. तो पहिल्या दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो. घासण्याची पायरी गाळली की खडखड होते. पॉलिश गाळून वरून चकचकीत मुलामा दिला की दुकानात तुकडा छान दिसतो.

तुमची तीन शटलं म्हणजे गाळलेल्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्यात घासणं, दुसऱ्यात पॉलिश, तिसऱ्यात भट्टी.

करता येत नाही असं नाही. पण ज्या दुकानदाराला ते साठ रुपयांत विकायचंय, त्याच्यासाठी करणाऱ्याला भट्टीचा पूर्ण वेळ परवडत नाही. आणि तीनशे रुपयांचं शटल कोणी विचारतच नाही, कारण तीनशेचं आणि साठचं शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही. पूर्वी हा फरक ओळखणारा माणूस मध्ये होता: कारखान्यातला तपासनीस. गेज घेऊन बसायचा आणि नापास माल परत भट्टीच्या खात्यात ढकलायचा. मी ते काम नऊ वर्षं केलंय. लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रं विकली जातात, ती दुसरीकडे जाऊन चालतात. तपासनिसाची खुर्ची मात्र कोणी विकत घेत नाही. माझ्या मते आपण गमावलं ते हे.

---

सिंहगडपायथा | १५ जून, सकाळी ९:१५

काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवलाय.

मी तिशीतला आहे, संगणकावरचं काम करतो, गेल्या वर्षी शिवण शिकायला लागलो. रविवारच्या जुन्या बाजारातून सिंगरचं नुसतं डोकं घेतलं, अठराशे रुपयांना. विकणाऱ्याला विचारलं, स्टँड कुठंय? म्हणाला, स्टँड आधीच गेला, हॉटेलवाले नेतात. खरंच आहे. आता लक्ष देऊन बघायला लागलोय तर शहरातल्या कितीतरी कॅफेंमध्ये ओतीव लोखंडी स्टँडवर काच किंवा संगमरवर टाकून टेबलं केलीत. पायटं तशीच आहेत, लोक कॉफी पिताना नकळत पाय हलवतात. आणि वरची डोकी भंगारात किलोवर. मला ते बघवत नाही. स्टँडला भाव आणि जे शिवतं त्याला नाही.

एक शंका. माझ्या एका मावसभावाने सांगितलं की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो, लाखो रुपये मिळतात, मोबाइल जवळ नेला की रेंज जाते. हे काय आहे?

---

मायक्रोमीटर | १५ जून, सकाळी ९:४०

निव्वळ अफवा. २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा उठली होती, लोकांनी जुन्या सिंगरसाठी अव्वाच्या सव्वा रक्कम मोजली, बातम्याही आल्या होत्या. शिवणाच्या मशीनमध्ये पारा असण्याचं काही कारणच नाही. लोखंड, पोलाद, थोडं पितळ, लाकूड, बस. कृपा करून भावाला सांगा की कोणाचं मशीन त्यासाठी फोडू नका. एका ओळखीच्या घरी सुईचा दांडा उचकटून आतलं सगळं मोडलेलं मी स्वतः पाहिलंय.

---

क्लाइडकाठी | १५ जून, दुपारी ४:३०

मूळचा नारायण पेठेतला, सध्या नोकरीनिमित्त ग्लासगोत. रीळताई, तुमच्या आजींच्या मशीनचा जन्म माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर झालाय, म्हणून लिहायला बसलो.

'वाय' ने सुरू होणारे सिंगरचे नंबर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किल्बोवी कारखान्याचे. १८८० च्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या शिवणयंत्र कारखान्यांमध्ये होता. १९१३ साली त्यातून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडत होती. मॉडेलच्या आकड्यापुढे 'के' अक्षर असतं ते किल्बोवीचं. तुमचं होडीच्या शटलचं म्हणजे बहुधा १२७ किंवा १२८ के. पाटा, म्हणजे खालची बैठक, लहान, तीन चतुर्थांश आकाराचा असेल तर १२८. त्या कारखान्याला एक प्रचंड मनोरा होता, चारी बाजूंना घड्याळं. १९६३ मध्ये तो पाडला. १९८० मध्ये कारखानाच बंद झाला.

मी मागच्या महिन्यात मुद्दाम तिकडे गेलो. कारखान्याच्या जागी छोट्या कंपन्यांची शेडं आहेत. पण रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. कामगारांसाठी बांधलेलं स्टेशन. फलाटावर मी एकटाच उतरलो. माझी आईही अशाच मशीनवर शिवायची, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचा वर्ग करून तिने घर चालवलं. ज्या मशीनने आम्हाला वाढवलं ते करणाऱ्या गावात आता मशीन करणारं कोणी नाही, हे त्या फलाटावर उभं राहून फार जाणवलं.

---

पेठेतला | १५ जून, रात्री ८:१०

सुंदर चर्चा. यात एक जुना संवाद आठवतो. जानेवारी १९२४ मध्ये गांधीजी येरवड्याचे कैदी असताना पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत सुटका झाली. त्याच वर्षी पुढे दिल्लीत एका तरुणाने त्यांना विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? गांधीजींनी अपवाद म्हणून उदाहरण दिलं ते सिंगरच्या शिवणयंत्राचं. माणसाचे कष्ट वाचवणारं, पण त्याचे हात निकामी न करणारं यंत्र. तरुणाने लगेच पुढचा प्रश्न टाकला: ही मशिनं करायला मोठा कारखाना लागेल, त्यात विजेची यंत्रं लागतील, त्याचं काय? गांधीजींनी मान्य केलं, आणि म्हणाले की असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारी नियंत्रणाखाली असावेत.

मला तो तरुणाचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. घरातलं यंत्र ज्याच्या हातात, त्याच्या हातात ते करण्याचा कारखाना नसतो. मायक्रोमीटर काकांनी लिहिलेल्या तपासनिसाच्या खुर्चीचा प्रश्न हाच आहे.

एक दुरुस्तीही करून ठेवतो, कारण त्या संवादात सिंगरने बायकोवरच्या प्रेमापोटी मशीन शोधलं असं येतं. तसं नव्हतं. एलियास होवेचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १२ ऑगस्ट १८५१ चं. होवेने दावा लावला आणि जिंकला. १८५६ मध्ये सिंगर, होवे आणि आणखी दोन कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली, तेव्हा कुठे मशिनं बिनधास्त तयार व्हायला लागली. त्याच सुमारास सिंगरने हप्त्यांवर विक्री सुरू केली. मशीन सामान्य घरात पोचलं ते हप्त्यांमुळे.

---

आडवाउभा | १६ जून, सकाळी ११:२०

मी थोडं वेगळं मांडतो. राग मानू नका.

आपण जुन्या मशिनींकडे बघतो तेव्हा टिकलेली मशिनंच बघतो. जी टिकली नाहीत ती कधीच भंगारात गेली. आणि त्या काळातली महागाई विसरतो. रीळताईंच्या घरचा दोन महिन्यांचा पगार गेला. ज्यांच्याकडे भिशी नव्हती त्यांनी काय केलं? आज माझ्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी काळं पायमशीन एका पगारातून घेतलं आणि त्या फॉल-पिकोही लावून देतात. स्वस्त मालामुळे ज्यांच्या हाती मशीन आलं त्यांना विसरू नये.

देशातला उद्योग संपला असंही नाही. लुधियाना अजून शिवणयंत्रांचं आणि सुट्या भागांचं मोठं केंद्र आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून जे अठरा व्यवसाय आहेत त्यात शिंपीही आहेत, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. पुण्यापुरतं बोलायचं तर आकुर्डीत जुनी चेतक बंद झाली तरी २०२२ मध्ये तिथेच विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला.

मागणीही बदलली. घरी कोण शिवतं आता? शाळेचा युनिफॉर्मही तयार मिळतो. मुलांचे शर्ट शिवण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं. घरगुती मशीनचा कारखाना आयातीने मारला असं कोणी म्हणालं तर, तयार कपड्यांनी तो आधीच अर्धा मारला होता हेही लक्षात घ्यावं. आयात तर १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने मोकळी होत गेली, १ एप्रिल २००१ ला आयातीच्या प्रमाणावरचे उरलेले बहुतेक निर्बंध उठले. घरातलं शिवणं त्याच्या कितीतरी आधी कमी व्हायला लागलं होतं.

---

रीळ | १६ जून, दुपारी १:००

राग कशाला? तुमचं बरंच पटलं, विशेषतः तयार कपड्यांचं. मी स्वतः मुलीला एकही फ्रॉक शिवला नाही. नोकरी होती, वेळ नव्हता, पण इच्छा असती तर काढला असता. आज ते मनाला लागतं.

स्वस्त मशिनींमुळे हाती मशीन आलं हेही खरं. माझी तक्रार स्वस्ताईची नाही. दोन किमतींचे दोन माल असावेत आणि ते ओळखता यावेत, एवढंच म्हणणं आहे. आज साठचंच मिळतं. तीनशे द्यायला मी खिशात पैसे घेऊन तीन दुकानं फिरले.

उषाचं पुढे काय झालं कोणाला माहीत आहे का? आईला वाटतं कंपनी अजून कोलकात्यातच मशिनं करते.

---

पेठेतला | १६ जून, दुपारी २:३५

कोलकात्याचं उत्तर मन खट्टू करणारं आहे. उषा मशिनं जय इंजिनिअरिंग वर्क्सची. १९३० च्या दशकात कोलकात्यात सुरू झालेली कंपनी, पुढे दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्या हाती आली. परदेशी मशिनींच्या काळात इथे बनलेलं पहिलं नावाजलेलं देशी शिवणयंत्र म्हणून लोक तिचं नाव घ्यायचे. प्रिन्स अन्वर शाह रोडवर भला मोठा कारखाना होता. तो बंद झाला. त्या जमिनीवर आता साउथ सिटी नावाचा मॉल आणि उंच इमारती आहेत.

उषा हा ब्रँड आहेच, काळी मशिनंही मिळतात. पण दुकानात पांढरी, बटणं फिरवून वीसेक प्रकारचे टाके घालणारी जी 'उषा जानोमे' दिसतात ती जपानी जानोमेच्या तंत्राची. त्या कंपनीचे कारखाने तैवान आणि थायलंडमध्येही आहेत.

आपल्याजवळचंही एक उदाहरण देतो. शिरवळला गोदरेजचा टाइपरायटरचा कारखाना होता. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर केला. शिरवळचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि २०११ मध्ये उरलेली शेवटची काही मशिनं विकायला आली तेव्हा जगभर बातमी झाली. तिथे मागणीच संपली होती. शिवणयंत्राचं तसं नाही. ब्लाउज अजूनही मापाचाच लागतो. म्हणून मला यंत्र हवं असताना ते करणारे हात कमी होणं जास्त खुपतं.

---

काजंबटण | १६ जून, रात्री १०:५०

आडवाउभा दादा, तुमच्या सोसायटीतल्या ताईंसारखीच मी. म्हणून माझं ऐका.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या वस्तीत बारा बायकांना मशिनं वाटली. फोटो निघाले, पेढे वाटले. दिवाळीच्या आधी, ऐन गिऱ्हाइकाच्या दिवसांत, त्यातली पाच माझ्या दारात उभी. कोणाचं चाक डोलतंय, कोणाचं दाते पुढे सरकवत नाहीत, कोणाची वादी सारखी निसटते. वादी बदलता येते. पण चाकाच्या दांड्याचं भोकच मोठं पडलं असेल तर कारागीर काय करणार? त्या बायकांनी दिवाळीच्या ऑर्डरी परत केल्या. गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत नाही. त्यातल्या दोघींनी शिवण सोडलं, आता दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात.

स्वस्त मशीन गरिबाला परवडतं असं वाटतं. पण ते बंद पडलेलं गरिबालाच परवडत नाही. ज्याच्या घरी शिवण हौस आहे त्याचं मशीन बंद पडलं तर तो दुसरं घेईल. माझं बंद पडलं तर त्या दिवशीची चूल बंद.

माझं स्वतःचं मशीन १९८९ मध्ये जुनंच घेतलेलं, मेरिट. सिंगरवालेच ते इथे विकायचे. तीस वर्षांत त्याला दोन वाद्या, एक पितळी बुश आणि असंख्य सुया, बाकी काही नाही.

आणि दुरुस्ती करणारे उरलेत कुठे? रविवार पेठेत मी ज्यांच्याकडे जायचे ते काका कानाने सांगायचे. मी चाक फिरवायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, म्हणायचे, "खालचा दांडा कोरडा आहे, वरचा ठीक." त्यांच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलं. मी त्याला दोष देत नाही. तो म्हणाला, "मावशी, सुटे भागच असे येतात की बाबांनी बसवलं तरी गिऱ्हाईक महिन्यात परत येतं आणि शिव्या बाबांना देतं." काकांनी काम सोडलं ते हात थकले म्हणून नाही. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली म्हणून.

---

आडवाउभा | १७ जून, सकाळी ८:०५

काजंबटण ताई, बंद पडलेल्या मशीनची किंमत मी धरलीच नव्हती. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

---

मायक्रोमीटर | १७ जून, सकाळी ८:५०

कानाने सांगणारे काका... असा एक माणूस आमच्या खात्यात होता, लेथच्या आवाजावरून बेअरिंग सांगायचा.

रीळताई, आईंचं उषा हे मूळ सिंगरच्या पंधरा नंबर वर्गाच्या आराखड्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला हा आराखडा इतका सरस होता की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी त्याच्यावरच एकमत करून सगळ्यांचे सुटे भाग एका मापाचे केले. आपल्याकडची बहुतेक काळी मशिनं त्याच कुळातली. म्हणून तुम्हाला उषाचंच शटल हवं असं नाही, त्या मापाचं चांगलं कुठलंही चालेल. एकाचा भाग दुसऱ्याला बसतो हीच या मशिनींच्या दीर्घायुष्याची खरी गोष्ट. पण माप एक असूनही दर्जा एक नसेल तर त्या सोयीचाच तोटा होतो, कारण कोणाचा भाग कुठे बसला ते कळत नाही.

तुमचं झिजलेलं जुनं शटल टाकलं तर नाही ना? टाकलं नसेल तर मला दाखवा. शनिवारी पेठेत येणार आहे.

---

रीळ | १७ जून, सकाळी ९:३०

नाही टाकलं. आईने बटणांच्या डब्यात ठेवलंय. शनिवारी नक्की या काका, जेवायलाच या.

---

रीळ | २२ जून, रात्री ९:१५

काल काका येऊन गेले. नीट लिहिते, कारण सगळ्यांना उपयोगी पडेल.

भिंग लावून त्यांनी आधी जुनं शटल बघितलं. टोक बोथट झालंय आणि टोकाच्या मागे दोऱ्याने घासून चक्क एक खाच पडलीय. साठ वर्षांच्या दोऱ्याने पोलादात पाडलेली खाच. मी आणि आई दोघी बराच वेळ बघत बसलो. ते दुरुस्त होण्यापलीकडे आहे, कारण टोक घासून धार आणली तर लांबी कमी होईल आणि फुगा चुकेल.

मग माझी तीन नवी. कानशीच्या कोपऱ्याने त्यांनी प्रत्येकाच्या न दिसणाऱ्या बाजूला हलकेच ओढून बघितलं. तिसऱ्यावर कानस लगेच रुतली, म्हणजे मऊ. दुसऱ्यावर ती घसरली. म्हणजे भट्टी नीट झालीय, फक्त पॉलिश नाही. काका म्हणाले, "हे वाचेल." ते घरी घेऊन गेले आणि आज संध्याकाळी परत आणून दिलं. बारीक तेलदगडाने कडा मारल्यात, मग पेस्ट लावून लाकडाच्या काडीने आतून घासलंय. हात फिरवला तर काचेसारखं लागतं. सुईच्या दांड्याची उंचीही त्यांनी केसभर खाली घेतली.

आईने दुपट्याचं कापड घेतलं. दोन वर्षांनी पायटावर पाय ठेवला, वय ब्याऐंशी. सुरुवातीला चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. मग हाताने चाकाला गती देऊन जी टीप मारली ती टोकापर्यंत एकही टाका न सोडता. आवाजही पूर्वीचा आला. ती काही बोलली नाही. कापड उलटं करून खालचा टाका बघितला, वरचा ताण अर्धा फेरा सैल केला आणि पुढची टीप घातली.

आजीचं सिंगर काजंबटण ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोकळं झालंय. पाटा लहान आहे, क्लाइडकाठी, म्हणजे १२८.

---

मायक्रोमीटर | २३ जून, सकाळी ६:३०

आता माझ्या मनात आहे ते सांगतो. माझ्या ओळखीचा एक व्यापारी लुधियानाहून माल आणतो. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, पूर्ण भट्टी आणि पूर्ण पॉलिश करून देणारे तिथे आजही आहेत, त्यांचा चांगला माल बाहेर जातो. इथून कोणी तसा मागतच नाही. कमीत कमी पन्नास नग घ्यावे लागतील, नग अडीचशेच्या आसपास पडेल. आलेला प्रत्येक तुकडा मी माझ्या हाताने तपासीन, नापास होईल तो परत जाईल, हे त्याला आधीच सांगितलंय आणि त्याने कबूल केलंय. मला त्यात एक पैसा नको.

फक्त पंधरा वर्गाचं शटल आणि बॉबिनची डबी. होडीचं शटल असणाऱ्यांनी थांबा, ते वेगळं बघू. ज्यांना हवं त्यांनी खाली नग लिहा.

---

काजंबटण | २३ जून, सकाळी ७:१०

आमच्या वस्तीसाठी शटल चौदा, डबी चौदा. पैसे बायका दोन हप्त्यांत देतील, पहिला मी भरते. आणि काका, तपासायला बसाल तेव्हा मला बोलवा, कानस कशी ओढायची ते शिकायचंय.

---

सिंहगडपायथा | २३ जून, सकाळी ७:४५

मला दोन. मीही तपासणी शिकायला येईन, आधी कानस कुठल्या दाताची घ्यायची ते सांगा.

---

आडवाउभा | २३ जून, सकाळी ८:२०

सोसायटीतल्या ताईंसाठी एक शटल, एक डबी. नग पन्नास भरत नसतील तर उरलेले माझ्या नावावर टाका.

---

रीळ | २३ जून, सकाळी ८:३५

आमचं एक. आणि तपासायला जागा हवी असेल तर वाडा अजून आठवडाभर आमच्या ताब्यात आहे. अंगणात उजेड चांगला येतो.